संगीत नाटकांचीं छापील पुस्तकें : शोध आणि परीक्षा

एखादी अप्रकाशित बखर किंवा जुनी पोथी हातीं आली म्हणजे संशोधकांस जो हर्ष होतो, तो संगीत नाटकाचें जुनें छापील पुस्तक मिळाल्यानें सहसा होत नाहीं. छापलेल्या पुस्तकाच्या प्रती पुष्कळ असावयाच्या, आज नाहीं तर उद्यां एखादी मिळेलच, अशी सर्वसाधारण समजूत असते. आमचा अनुभव याच्या उलट आहे. पोथी रुमालांत बांधून देवघरांत ठेवली जाई. नाटकाचें पुस्तक मात्र तालमींत, रंगपटांत आणि मंडळीच्या प्रवासांत वापरलें जाई. जें वापरण्यासाठींच छापलें, तें वापरांतच नाहींसें झालें. म्हणून या पुस्तकांचा शोध कसा करावा व मिळालेल्या प्रतीची परीक्षा कशी करावी, याविषयीं चार गोष्टी येथें मांडीत आहों.

प्रथम, कशाचा शोध करावयाचा हें ठरविलें पाहिजे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें. त्या पद्धतींत सूत्रधार व त्याचे साथीदार पदें म्हणत आणि पात्रें प्रसंग पाहून आपलीं भाषणें स्वतःच करीत. भाव्यांनीं १८८५ मध्यें आपलीं आख्यानें ‘नाट्यकवितासंग्रह’ या नांवानें प्रसिद्ध केलीं, तीं पद्यरूप आहेत तीं यामुळेंच. त्यांत संवाद नाहींत म्हणून प्रत अपुरी समजणें हें अज्ञान होय.

अण्णासाहेब किर्लोस्करांपासून संवाद व पदें मिळून सिद्ध झालेली संहिता आपणांस मिळूं लागते. परंतु येथेंही सावधगिरी हवी. ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास झाला, तो पहिल्या चार अंकांचा, उरलेले अंक पुढें आले. ‘सौभद्रा’चे प्रथम तीनच अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाले, व पांच अंकी नाटक १८८३ मध्यें रंगभूमीवर आलें. ‘रामराज्यवियोग’ तर १८८५ सालीं कर्त्याचें निधन झाल्यामुळें अपूर्णच राहिलें. तेव्हां प्रत हातीं येतांच अंक मोजावे. अंक कमी भरले तर पानें गहाळ झालीं असा निर्णय एकदम करूं नये; ग्रंथच तेवढा असण्याचा संभव ध्यानांत घ्यावा. मुखपृष्ठ नसलेलीं ‘शाकुंतला’चीं सुटीं पानें मिळालीं, तर कालिदासाचें मूळ नाटक शेजारीं ठेवून प्रसंग ताडून पाहावे. सहाव्या अंकांतील धीवराचा प्रसंग त्यांत असेल, तर तीं पानें केवळ चार अंकांच्या संहितेचीं नव्हेत, हें तत्काळ ठरतें.

दुसरी अडचण नांवांची. गोविंद बल्लाळ देवलांचें १८९३ चें गद्य ‘फाल्गुनराव’ १९१६ सालीं पदांसह ‘संशयकल्लोळ’ म्हणून आलें. संग्रहालयाच्या यादींत एकच नांव शोधणाऱ्यास दुसरें पुस्तक दिसणार नाहीं. कर्त्याच्या नांवाचीही हीच गोष्ट. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत निवर्तले, आणि त्याच वर्षीं रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ची पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचलीं. नाटक एकाचें व पदें दुसऱ्याचीं, ही गोष्ट नोंद करतांना सुटूं नये.

तिसरी गोष्ट पदांची. नाट्यगृहांत प्रेक्षकांसाठीं केवळ पदांचीं लहान पुस्तकें विकलीं जात. पातळ कागद आणि अल्प किंमत यांमुळें तीं प्रयोगाबरोबरच बहुधा टाकलीं जात. संपूर्ण नाटकाच्या पुस्तकाइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आम्ही यांस देतों. मंडळीनें कोणतें पद गाळलें, कोणतें नवें घातलें, हें त्यांवरून उमगण्याची आशा असते. पदाच्या माथ्यावर साकी, दिंडी इत्यादि वृत्ताचें नांव, राग-तालाचा निर्देश, किंवा ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचा आरंभ दिलेला असतो. ती चाल लावणीची, कीर्तनाची, हिंदुस्थानी चिजेची वा कानडी पदाचीही असूं शकते. मूळ गाणें आज कोणाच्या मुखीं नसलें, तरी तें त्या काळीं सर्वांच्या ओळखीचें होतें याचा हा छापील पुरावा होय. चाल वगळून केवळ पद उतरून घेणारा अर्धा पुरावा टाकून देतो.

कालनिर्णयासाठीं मुखपृष्ठावरील शकांत ७८ मिळवावे. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळास ७९. मुखपृष्ठच नसेल तर १८६७ चा पंचविसावा कायदा उपयोगीं पडतो. या कायद्यान्वयें प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद होऊन त्या नोंदी दर तिमाहीस सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध होत. त्यांत ग्रंथनाम, कर्ता, मुद्रक, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्तीचा क्रमांक, छापलेल्या प्रतींची संख्या व किंमत इतकी माहिती देण्याचा नियम होता. मुखपृष्ठ हरवलेल्या प्रतीचा आकार व शेवटचा पृष्ठांक या नोंदींशीं पडताळावा. पुष्कळदां आवृत्ति निश्चित होते. शंकर गणेश दाते यांची १९४३ सालीं निघालेली ‘मराठी ग्रंथसूचि’ १८०० ते १९३७ या काळाची असून प्रत्येक संग्राहकानें ती जवळ बाळगावी.

आतां आमच्याच हातून घडलेला एक अपराध सांगणें प्राप्त आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका मोडलेल्या नाटक मंडळीच्या सामानांतून ‘सौभद्रा’ची एक जुनी प्रत आम्हांस मिळाली. समासांत पेन्सिलीच्या खुणा होत्या : कोठें पद गाळल्याची चौकट, कोठें ‘वन्समोअर’, कोठें पडदा टाकण्याची सूचना. प्रॉम्प्टरच्या हातची ती प्रत होती. परंतु शिक्षकाची दृष्टि नीटनेटकेपणावर! आम्हीं ती बांधावयास दिली. आठ दिवसांनीं कापडी बांधणीचें सुरेख पुस्तक परत आलें. समास मात्र कापले गेले होते, आणि फाटकें वेष्टन टाकून दिलें होतें. त्या वेष्टनावर आवृत्तीचा अंक होता कीं नव्हता, हें आम्हीं पाहिलेंही नव्हतें. आज त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर तुटलेल्या अक्षरांचीं शेपटें तेवढीं उरलीं आहेत. पोथीचा समास आम्हीं कधींही कापूं दिला नसता. छापील पुस्तक म्हणूनच ही बुद्धि झाली.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. प्रत जशी मिळेल तशीच ठेवावी. चिकटपट्टी लावूं नये, समास कापूं नयेत, वेष्टन व जाहिरातींचीं पानें टाकूं नयेत. प्रत कोणत्या घरांतून किंवा कोणत्या मंडळीकडून आली, हें निराळ्या कागदावर लिहून आंत ठेवावें. एकाच नाटकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर दुसरी जादा समजून देऊन टाकूं नये. दोहोंतील फरक हाच इतिहास असतो. आणि ज्यांच्या घरांत जुन्या नटांच्या हातच्या नकला असतील, त्यांनीं त्या रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां जवळच्या ग्रंथसंग्रहालयास दाखवाव्या. या पुस्तकांचा कागद हलका. तो दरवर्षीं पिवळा पडून ठिसूळ होत आहे. पोथ्यांना जो मान आपण देतों, त्याचा अल्पांश या पुस्तकांस मिळाला तरी मराठी रंगभूमीचा एक मोठा पुरावा वांचेल.