वर्गात गप्प बसणारी मुले

नाताळच्या आसपास किंवा जूनमध्ये शाळा उघडताना आपली मंडळी वह्या, स्वेटर, खाऊ घेऊन अकोले तालुक्यातल्या वसतिगृहांना आणि आश्रमशाळांना भेट देतात. परत आल्यावर एक प्रश्न बहुतेक वेळा निघतोच: "मुलं गुणी आहेत हो, पण बोलत का नाहीत?" नाव विचारले तरी मान खाली, ओढणीचे टोक तोंडात, नाहीतर शेजारच्याला पुढे ढकलणे. शिक्षकांचेही म्हणणे हेच असते आणि ते विशेषतः सहावी ते आठवीच्या मुलांबद्दल असते. पहिलीत ओरडून उत्तर देणारे मूल सातवीत येईपर्यंत मुके होते. मग कोणी त्याला लाजाळू म्हणतो, कोणी अभ्यासात कच्चे.

बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. तेच मूल संध्याकाळी पटांगणात भांडते, नकला करते, धाकट्यांना दटावते. वर्गात ते गप्प बसते, कारण त्याने हिशेब केलेला असतो. उत्तर बरोबर आले तर मिळते काय? एक "बस खाली". चुकले तर सगळा वर्ग हसतो आणि ते हसणे आठवडाभर पुरते. अकरा-बारा वर्षांच्या वयात मोठ्यांच्या रागापेक्षा सोबत्यांचे हसणे जास्त लागते. तेव्हा गप्प बसण्यात त्याचे त्याच्या परीने शहाणपणच असते. "घाबरू नकोस, बोल" असे सांगून हा हिशेब बदलत नाही. चुकण्याची किंमत कमी करावी लागते.

डांगाणातल्या मुलांना ही किंमत जरा जास्तच पडते. राजूर, भंडारदरा, घाटघर, साम्रद या भागातली मुले बहुतांशी महादेव कोळी आणि ठाकर समाजातली. घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. हेल वेगळा, कितीतरी शब्द वेगळे. मुलाने बरोबर उत्तर आपल्या बोलीत दिले आणि शिक्षक म्हणाले, "असं नाही, नीट बोल," तर त्याला नवा शब्द कळत नाही. आपण तोंड उघडले की चुकते, एवढेच कळते. आधी उत्तर स्वीकारावे, मग तेच प्रमाण मराठीत आपण सहज म्हणून दाखवावे. मूल ते ऐकून उचलते.

नगरच्या ख्रिस्ती मंडळींना हे नवे वाटू नये. परदेशी चालींवर बेतलेली, भाषांतरित गीते गाणाऱ्या आपल्या मंडळीला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तनाच्या ओळखीच्या वाटेवर आणले. लोकांचा कंठ आपोआप मोकळा झाला. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाने सुवार्ता आपापल्या भाषेत ऐकली, हे तर आपण दरवर्षी वाचतोच.

दुसरे कारण बोलायला अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. काही मुले गप्प असतात, कारण त्यांना खरोखरच वाचता येत नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहण्यांतून वर्षानुवर्षे दिसते आहे की ग्रामीण भागातल्या पाचवीच्या अनेक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूरही सलग वाचता येत नाही. डोंगरातली काही कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला जातात. मूल सोबत गेले तर परत येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलाला नुसते "शाब्बास, तुला जमेल" म्हणणे म्हणजे त्याची फसवणूक आहे. ते मूल इयत्तेने सातवीत असले तरी वाचनाने जिथे असेल तिथून त्याला रोज तासभर, तीन-चार जणांच्या गटात वाचायला बसवावे लागते. खोट्या कौतुकापेक्षा स्वतः वाचलेले एक पान मुलाला जास्त धीर देते.

वर्गात मात्र अगदी बिनखर्चाची एक गोष्ट करता येते: थांबणे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण ऐकून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात. मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांना तर त्याहूनही कमी वेळ मिळतो. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे फार नाही, पण फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ते फार वाटतात. करून पाहावे. आपल्या मुलांना तर प्रश्न आधी घरच्या बोलीत समजून घ्यायचा असतो आणि उत्तर पुन्हा पुस्तकी मराठीत आणायचे असते. त्यांना थोडा जास्तच वेळ लागणार.

दुसरा उपाय जोडीचा. प्रश्न विचारला की आधी प्रत्येकाने शेजाऱ्याशी कुजबुजून बोलायचे, मग वर्गात सांगायचे, तेही "आम्हाला असं वाटतं" म्हणून. चुकले तर दोघांचे चुकते. मोशेने देवाला सांगितले की मला बोलता येत नाही, तेव्हा देवाने अखेरीस त्याला भाषण शिकवले नाही, अहरोनाला सोबत दिले. हा भाग आपण अनेकदा वाचतो, पण मुलांच्या बाबतीत क्वचित वापरतो.

आणि कधीतरी प्रश्नच असा विचारावा की उत्तर शिक्षकापेक्षा मुलाला जास्त ठाऊक असेल. सातवीला माती आणि वनस्पतींचा धडा चालू आहे. "भाताचं रोप टाकण्याआधी तुमच्याकडे राब का भाजतात?" असे विचारले तर डांगाणातले मूल शेण, पालापाचोळा, फांद्या कशा रचतात इथपासून सुरुवात करील. राखेने रोप जोमदार येते आणि तणाचे बी जळते, हेही सांगेल. तिथून धड्यातली क्षारांची गोष्ट एका पावलावर आहे. नागली, वरई, हिरडा, आवणीचे दिवस, पावसाचा अंदाज, सगळ्यात विज्ञान आणि गणित भरलेले आहे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणे त्यांनी जपले आणि त्याबद्दल आपल्याच बोलीत त्या मोठमोठ्या सभांतून बोलतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या विषयात आपली मुळे घट्ट आहेत, त्या विषयावर माणूस अडखळत नाही.

हसण्याचा बंदोबस्त शिक्षकालाच करावा लागतो. "चुकलेल्या उत्तरावर कोणी हसायचं नाही" हा नियम पहिल्या आठवड्यात सांगून भागत नाही, तो रोज पाळून घ्यावा लागतो. आणि शिक्षकाने स्वतः टोमणा मारला की तो त्याच क्षणी मोडतो. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. "तुमच्या डोक्यात शेण भरलंय" हे वाक्य त्यात मोडते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

हे सगळे आठवीच्या आत व्हायला हवे. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आल्या आहेत. तीन वर्षे एकही प्रश्न न विचारता बसलेले मूल नववीत गळते तेव्हा कोणाला आवाजही येत नाही.

भेटीला येणाऱ्या मंडळींनाही एक विनंती. मुलांना रांगेत उभे करून एकेकाला आपली ओळख सांगायला लावू नये. अनोळखी पाहुणे, समोर खाऊचा ढीग आणि मागे शिक्षक, अशा जागी मोठी माणसेही गडबडतात. त्यापेक्षा सतरंजीवर तीन-चार मुलांजवळ बसावे आणि त्यांना काहीतरी शिकवायला सांगावे: नागलीची भाकरी कशी थापतात, करवंदे कुठे मिळतात, खेकडा कसा धरतात. दर महिन्याला येणे जमत असेल तर त्याच मुलांजवळ येऊन त्यांचे वाचन ऐकावे. वर्षातून एकदा शंभर मुलांना भेटण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी गोष्टींची पुस्तके पाठवावीत. पाने थोडी, अक्षर मोठे, वाक्ये सोपी. मात्र मुखपृष्ठ बालवाडीचे वाटेल असे नको. सातवीतली मुलगी ते हातात घेऊन मैत्रिणींसमोर बसणार नाही.