लिटरमागे करावर कर
पेट्रोलवरचा कर कमी व्हावा की नाही, हा वाद जुनाच आहे. पण तो आकारला कसा जातो, हे पाहिल्याशिवाय या वादाला अर्थ येत नाही.

सिंधुदुर्गात बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त मिळते. गोव्याच्या हद्दीतल्या पंपांवर एमएच-07 च्या गाड्या टाकी भरताना दिसल्या तर त्यात नवल नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकरांनाही गुजरातचा पंप असाच परवडतो. दोन्हीकडे तेल तेच, कंपन्याही त्याच. हद्द ओलांडल्यावर बदलतो तो राज्याचा कर.

हा कर भावात कुठे बसतो, ते मुंबईच्या हिशेबावरून पाहू. 2025 च्या मध्याला मुंबईत पेट्रोल लिटरला सुमारे 103 रुपये 50 पैसे होते. त्यात तेलाची मूळ किंमत, वाहतूक आणि पंपचालकाचे कमिशन मिळून साधारण 56 रुपये 80 पैसे. केंद्राचे उत्पादन शुल्क 21 रुपये 90 पैसे. या बेरजेवर राज्याचा 25 टक्के मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट आणि शिवाय लिटरमागे 5 रुपये 12 पैसे अधिभार, असे मिळून सुमारे 24 रुपये 80 पैसे. थोडक्यात, ग्राहकाच्या शंभरातले 45 रुपये सरकारजमा होत होते आणि त्यात केंद्रापेक्षा राज्याचा वाटा थोडा जास्तच होता.

या आकारणीतली गोम अशी की व्हॅट केवळ तेलाच्या किमतीवर लागत नाही, केंद्राच्या शुल्कावरही लागतो. 21 रुपये 90 पैशांच्या शुल्कावर 25 टक्के म्हणजे जवळपास साडेपाच रुपये हा चक्क करावरचा कर. वाहतूक खर्चही त्यातून सुटत नाही. परभणीचे पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने यायचे, म्हणून तिथला भाव अनेकदा राज्यात सर्वांत चढा राहिला. डेपो लांब असल्याचा भुर्दंड परभणीकराला बसतोच, वर त्या भुर्दंडावर व्हॅटही द्यावा लागतो.

टक्केवारीच्या कराची आणखी एक खोड आहे. कच्चे तेल महागले आणि मूळ किंमत दहा रुपयांनी चढली, तर मुंबईच्या ग्राहकाला साडेबारा रुपये जास्त मोजावे लागतात. वरचे अडीच रुपये राज्याला आपसूक मिळतात. त्यासाठी विधिमंडळात ठराव लागत नाही की चर्चा. मूळ किंमत किंवा केंद्राचे शुल्क उतरले की हेच उलटे होते. मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क आठ रुपयांनी घटवले आणि दुसऱ्याच दिवशी राज्याने व्हॅटमध्ये 2 रुपये 8 पैशांची कपात जाहीर केली. मुंबईचा दर तेव्हा 26 टक्के होता आणि आठ रुपयांचे 26 टक्के नेमके 2 रुपये 8 पैसेच भरतात. दर हलला नव्हता, आपोआप पडलेली रक्कम सवलत म्हणून सांगितली गेली. राज्याने खरोखर खिशात हात घातला तो त्याच वर्षी जुलैत, पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये कमी करून.

केंद्राचा हिशेबही काही सरळ नाही. त्या 21 रुपये 90 पैशांत मूळ उत्पादन शुल्क अवघे 1 रुपया 40 पैसे होते. उरलेली रक्कम विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते उपकर आणि कृषी उपकर या नावांनी घेतली जाते. राज्यांना 41 टक्के वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कात. म्हणजे लिटरमागे सुमारे 57 पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने महाराष्ट्राच्या पदरात त्यातले साडेतीन पैसे पडत होते. मग राज्ये आपला व्हॅट सोडायला नाखूश असतात, यात आश्चर्य कसले?

पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले. बाजारात तेल स्वस्त झाले की पंपावरही स्वस्त होईल, असा त्याचा अर्थ होता. प्रत्यक्षात 2014 मध्ये पेट्रोलवर 9 रुपये 48 पैसे असलेले केंद्रीय शुल्क मे 2020 मध्ये 32 रुपये 98 पैशांवर गेले. टाळेबंदीत कच्चे तेल मातीमोल झाले, तेव्हा त्याचा फायदा तिजोरीने घेतला. वर्षभरात तेल सावरले आणि मे 2021 अखेर मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली.

तात्पुरता म्हणून बसवलेला कर पुढे मुक्काम करतो, हा अनुभव राज्यातही आहे. 2015 च्या दुष्काळात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लागला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, अधिभार मात्र राहिला. 2017 मध्ये तर पेट्रोलवरचा अधिभार आणखी वाढवला गेला.

‘मग या करांऐवजी जीएसटी लावा’ ही मागणी ऐकायला सोपी आहे. आजच्या सर्वांत वरच्या 40 टक्के दराने वरच्या हिशेबातल्या 56 रुपये 80 पैशांवर साधारण 22 रुपये 70 पैसे कर होईल आणि पेट्रोल ऐंशीच्या आत येईल. पण मुंबईपुरते बोलायचे तर केंद्र आणि राज्य मिळून लिटरमागे 24 रुपये गमावतील. सप्टेंबर 2021 मध्ये लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेने हा विषय बाजूला ठेवला, तो याच गणितामुळे. कर जवळपास काढून टाकण्याचा प्रयोग गोव्यात झालेला आहे. 2012 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला आणि पेट्रोल सुमारे 11 रुपयांनी उतरले. त्याच वर्षी खाणी बंद पडल्या, महसूल आटला आणि व्हॅट टप्प्याटप्प्याने परत आला.

तेव्हा सरसकट मोठ्या कपातीची आशा दाखवण्यात अर्थ नाही. मे 2022 च्या कपातीने वर्षाला सुमारे एक लाख कोटींचा महसूल कमी होईल, असे केंद्रानेच सांगितले होते. ही रक्कम शेवटी दुसऱ्या कुठल्या तरी कराने किंवा कर्जाने भरावी लागते. शिवाय धूर आणि गर्दी वाढवणाऱ्या इंधनावर कर असण्यात वावगेही काही नाही. पण दुचाकीवर कामाला जाणारा आणि दोन मोटारी बाळगणारा लिटरमागे सारखाच कर देतात. डिझेलवरचा कर तर भाजीच्या टेम्पोतून थेट स्वयंपाकघरात पोचतो. हे विसरून कर ठरवता येत नाही.

बदल हवा तो आकारणीत. केंद्राप्रमाणे राज्यानेही टक्केवारी सोडून लिटरमागे ठरावीक रक्कम घ्यावी. ती वर्षातून एकदा अर्थसंकल्पात, चर्चेनंतर ठरवावी. म्हणजे करावर कर उरणार नाही आणि जागतिक भडक्यात राज्याला आयती कमाईही होणार नाही. महागाईमुळे या रकमेची किंमत घटेल हे खरे, पण मग ती वाढवण्याचे कारण सरकारला सभागृहात उघड सांगावे लागेल. प्रत्येक अधिभाराला संपण्याची तारीख असावी. केंद्राने उपकर मूळ शुल्कात विलीन करून राज्यांना त्यांचा वाटा द्यावा. आणि पंपाच्या पावतीवर तेल किती, केंद्राचे किती, राज्याचे किती, हे वेगवेगळे छापावे. कर वाढवण्याचा अधिकार सरकारला आहे, तो लपवण्याचा नाही.