रस्ता तुटल्यानंतरचा हिशेब

अमेरिकेतील काउंटी हे राज्याखालचे प्रशासकीय एकक असून तिचे काम साधारणपणे जिल्ह्याचे असले, तरी ग्रामीण काउंटीची वस्ती पुष्कळदा महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याहूनही विरळ असते. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातली यान्सी ही अशीच सुमारे 18 हजार लोकसंख्येची काउंटी असून, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सर्वांत उंच शिखर, 2,037 मीटर उंचीचे माउंट मिचेल, तिच्याच हद्दीत आहे. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळाच्या काळात येथील बुसिक या ठिकाणी तीन दिवसांत 30 इंचांहून अधिक पाऊस पडला, नद्यांनी रस्ते आणि पूल खरवडून नेले, आणि वीज, दूरध्वनी व दळणवळण ही तिन्ही एकदमच बंद पडली.

अशा प्रदेशाचे स्वावलंबन मोजताना शेतजमीन किती, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि तोच सर्वांत फसवा ठरतो. या डोंगरउतारांवर एकेकाळी बर्ली जातीच्या तंबाखूचे पीक महत्त्वाचे होते, तर आज तेथे फ्रेझर फर ही नाताळात सजवली जाणारी झाडे ओळीने उभी दिसतात. शेती चांगली, उत्पन्नही होते, पण संकटात यातले काहीच ताटात पडत नाही.

पाण्याचे कोडे याहून विलक्षण आहे. विखुरलेल्या घरांना पाणी बहुधा स्वतःच्या बोअरवेलचे असते आणि ते विजेच्या पंपाने वर येते. त्यामुळे वीज जाताच, दारासमोरून पूर वाहत असतानाही, घरातला नळ कोरडा पडतो. याउलट घराच्या वरच्या अंगाला झरा असेल आणि त्याचे पाणी नळीने केवळ उताराच्या जोरावर उतरत असेल, तर त्या जुनाट वाटणाऱ्या सोयीला विजेची गरजच नसते. संपर्काचेही तसेच झाले: मोबाइल मुके झाले असता माउंट मिचेलवरील हौशी रेडिओचा रिपीटर, म्हणजे क्षीण संदेश टिपून तो अधिक शक्तीने पुढे पाठवणारे यंत्र, चालू राहिला आणि परिसरातील लोकांना त्यावरून बातमी कळत राहिली.

2000 सालच्या संघीय कायद्यानुसार आपत्तीची झळ कमी करण्यासाठीचा निधी हवा असलेल्या स्थानिक शासनांना धोक्यांचा आराखडा करून तो दर पाच वर्षांनी अद्ययावत करावा लागतो. पूर, दरड, वणवा अशी धोक्यांची यादी करणे त्यात तुलनेने सोपे असते. कोणती सोय कोणत्या दुसऱ्या सोयीवर टेकलेली आहे, हे शोधणे मात्र किचकट, आणि खरे मूल्यमापन तेथेच होते. इंधनाच्या भूमिगत टाक्या भरलेल्या असल्या, तरी ते उपसणारा पंप विजेवर चालतो. म्हणून काउंटीत पेट्रोलपंप किती, या आकड्यापेक्षा त्यांतील कितींना जनरेटर जोडता येतो आणि त्यांपैकी कोणता पूल न ओलांडता गाठता येतो, ही नोंद अधिक मोलाची असते.