काउंटरपलीकडे कोण?

डॉक्टरांची चिठ्ठी पाहून औषध देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. 1948 च्या फार्मसी कायद्याचे कलम 42 तसे स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात ही नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिल करते. दुकानाचा परवाना मात्र अन्न व औषध प्रशासनाचा. ही दोन्ही कागदपत्रे वेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

2015 च्या नियमांनुसार फार्मासिस्टच्या अंगात पांढरा कोट आणि छातीवर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हवा, नोंदणी प्रमाणपत्रही दुकानात लावलेले हवे. कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते, त्यावरचा माणूस नसतो. हे अत्यंत घातक आहे. मात्रा चुकली तर ती पकडणार कोण?

गैरवर्तन सिद्ध झाल्यास कौन्सिल नोंदवहीतून नाव काढू शकते. त्याविरुद्ध 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते.