कॅन्सरच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी: संसर्ग कसा टाळतात?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झाल्यावर लघवीची नळी (कॅथेटर) अनेकदा बरेच दिवस ठेवतात. काही जणींना ती घेऊनच घरी पाठवतात. असं का?

या ऑपरेशनमध्ये गर्भाशयासोबत आजूबाजूचा भागही काढावा लागतो. मूत्राशयाच्या नसा तिथूनच जातात. त्या दुखावल्या की मूत्राशय काही काळ नीट रिकामं होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. म्हणून नळी हवी. पण जंतू आत शिरतात तेही नळीच्याच वाटेने. नळी असेपर्यंत लघवीत जंतू येण्याचा धोका रोज साधारण ३ ते ७ टक्के असतो.

नर्स काय काळजी घेतात?

- नळीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुतात.
- पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवतात, पण जमिनीला टेकू देत नाहीत. वर धरली तर लघवी उलटी आत जाऊ शकते.
- नळी मांडीला चिकटवतात. त्यामुळे ती ओढली जात नाही. तिला पीळ पडलेला नाही ना, हेही बघतात.
- नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडत नाहीत.
- पिशवी पूर्ण भरण्याआधी रिकामी करतात. तोटी भांड्याला लागू देत नाहीत.
- ती जागा रोज साबण-पाण्याने, पुढून मागे अशी स्वच्छ करतात.

नळी काढल्यावर

लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे सोनोग्राफीने किंवा नळी घालून मोजतात. जास्त उरत असेल तर पुन्हा नळी लागू शकते. लघवी कुंथून होते, थेंबथेंब होते, लागल्याचं कळत नाही, यातलं काहीही लाजून लपवू नका.

घरच्यांनी काय करावं?

ताप, थंडी वाजणं, कुशीत दुखणं किंवा पिशवीत लघवी येणं थांबणं, असं काही झालं तर लगेच हॉस्पिटल गाठा. उरलेली अँटिबायोटिक्स मनाने देऊ नका. संसर्ग वाढला तर पुढची केमो किंवा रेडिएशन लांबू शकते. नळी स्वतः ओढून काढू नका. आत ती फुग्याने अडकवलेली असते.

हॉस्पिटलमध्ये असाल तर रोज एक प्रश्न जरूर विचारा: "सिस्टर, नळी अजून लागणार आहे का?" गरज संपताच नळी काढणं, हाच संसर्ग टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.