फडाची मालकीण

हिवरखेड म्हटलं की वऱ्हाडात विचारावं लागतं, तेल्हाऱ्याकडचं की मोर्शीकडचं? एक कपाशीच्या मुलखातलं, दुसरं संत्र्याच्या. पण पैसा वर्षातून एकदाच हाती येतो आणि खर्च बारा महिने चालतो, हा हिशेब दोन्हीकडच्या माणसाला शिकवावा लागत नाही. तमाशाचा फडही असाच चालतो. म्हणून तमासगीर कांताबाई सातारकरांकडे इथल्या वाचकानं आधी धंदा चालवणारी बाई म्हणून बघावं. लावणी, वग, टाळ्या यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांच्या वहीखात्यावर फारसं कोणी बोलत नाही.

कांताबाईंचा जन्म 1939 चा, गुजरातेतल्या डभोईचा. आईवडील दगडखाणीवर मजुरी करणारे. पुढे कुटुंब साताऱ्याला आलं आणि मेळ्यात नाचणारी ही पोर तिथूनच मुंबईच्या तमाशात पोचली. तुकाराम खेडकर हे वगातले नावाजलेले नट. त्यांच्या फडात त्या गेल्या आणि दोघांचा संसारही झाला. 1964 मध्ये खेडकर वारले. ज्या फडासाठी त्या राबल्या, त्यातून मुलांना घेऊन बाहेर पडायची पाळी आली. जवळ भांडवल म्हणावं असं काही नव्हतं. होता तो गळा, पाठ असलेले वग आणि गावोगावच्या प्रेक्षकांत झालेलं नाव. त्या नावावर त्यांनी स्वतःचा फड उभा केला. स्टेजवर त्या पुरुषपात्रंही करत; त्यांची शिवाजी महाराजांची भूमिका गाजली.

फड उभा करणं म्हणजे काय, हे जरा उलगडून सांगायला हवं. यात्रेची सुपारी घेऊन खेळ करणारे ते हंगामी फड. तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावणारे ते तंबूचे. मोठ्या तंबूच्या फडात शंभरावर माणसं असतात. ढोलकी-हलगीवाले, नाचणाऱ्या पोरी, सोंगाड्या, वगातले नट हे लोकांना दिसतात. तंबू ठोकणारे, आचारी, गाड्यांचे चालक दिसत नाहीत. दसऱ्याच्या सुमारास हंगाम उभा राहतो आणि चैत्र-वैशाखाच्या यात्रांत खरी कमाई होते. पावसाळ्यात खेळ बंद, पोटं मात्र चालू. शिवाय नवा हंगाम धरायचा तर कलावंतांना आधी उचल द्यावी लागते. ती बहुतेकदा खासगी कर्ज काढूनच. अवकाळी पावसानं चार रात्री बुडाल्या, तरी भाकरी शंभर जणांची लागतेच.

या व्यवहारात कलेचा मान कामाला येत नाही. तमाशातल्याच विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतिपदक मिळालं, तरी 2002 साली त्या हलाखीतच गेल्या. पुढे राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार काढला, त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई. पुरस्काराला नाव विठाबाईंचं दिलं. त्या हयात असताना पैशाची सोय झाली असती तर बरं झालं असतं.

कांताबाईंचा समाज म्हणजे हा फड. इथं येणारी बहुतेक माणसं गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली, कोल्हाटी, मातंग, महार घरांतली. त्यांना वर्षातले सात-आठ महिने काम आणि दोन वेळचं जेवण देणारी ही बाई होती. तिच्या दानधर्माच्या गोष्टी शोधत बसायची गरज नाही. एवढ्या माणसांचा पगार दशकानुदशकं चुकता करणं हीच समाजसेवा, असं माझं मत आहे. फड मुलगा रघुवीर खेडकर यांच्या हाती गेला, तरी पाटीवर कांताबाईंचं नाव राहिलं.

2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता. नारायणगावला फडांच्या राहुट्यांत यात्रांच्या सुपाऱ्यांची सर्वांत मोठी उलाढाल होते तो हा दिवस. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. सलग दोन वर्षं यात्रांचा हंगाम बुडाला, उचल मात्र आधीच वाटून झालेली होती. दुसऱ्या वर्षी, 25 मे 2021 रोजी, कांताबाई संगमनेरला गेल्या. वय 82.

आता फडांची ऑर्केस्ट्राशी स्पर्धा आहे. रात्री दहानंतर कर्ण्याला बंदी आहे आणि डिझेल महागलं आहे. यातलं आपल्या हाती काही नाही. एक गोष्ट मात्र आहे. तुमच्या गावाजवळ तंबू लागला, तर ओळखीचा पुढारी गाठून फुकट पास मागू नका. तिकीट काढून बसा.