गर्भवतीचे दुखणे अंगावर काढू नये

बाळंतपण म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्म, असे आपल्या आज्या-पणज्या म्हणत असत. त्या शब्दांमागे त्यांनी पाहिलेली अनेक मरणे होती. पवित्र शास्त्रालाही हे दुःख अपरिचित नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात एफ्राथच्या वाटेवर राहेल प्रसूत होते, बेन्यामीनला जन्म देते आणि प्राण सोडते. याकोब तिच्या कबरीवर स्तंभ उभारतो.

त्या काळी राहेलसाठी कोणाला काही करता आले नाही. आज करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गर्भारपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत मरण पावल्या. यांपैकी बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. आपल्या देशात २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. महाराष्ट्रात ते ३३ होते. ही प्रगती समाधानाची आहे. परंतु ज्या घरातील आई जाते, त्या घराला आकडेवारी काय सांत्वन देणार?

या विषयावर लिहिण्यास आम्हाला एक वैयक्तिक कारणही आहे. काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी एका घरून आम्हाला बोलावणे आले. आठवा महिना लागलेली सून दोन दिवस डोकेदुखीने हैराण होती. चेहरा सुजला होता, डोळ्यांपुढे काजवे चमकतात असे ती सांगत होती. सासूबाई म्हणाल्या, "फादर, पहिलटकरणीला असे व्हायचेच. तुम्ही आशीर्वाद द्या." आम्ही तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली आणि परतलो. पहाटे तिला झटके आले. बाळ वाचले, आई वाचली नाही. त्या बाळाचा स्नानसंस्कार आम्हीच केला. "आधी हिला रुग्णालयात न्या" हे चार शब्द त्या सायंकाळी आमच्या तोंडून निघाले नाहीत, ही खंत आजही आमच्या मनात आहे. अज्ञान केवळ त्या सासूबाईंचे नव्हते, आमचेही होते.

त्या भगिनीला झालेल्या विकाराला वैद्यकशास्त्रात प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होतो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. या विकाराचे मूळ वारेत असते. वारेला होणारा रक्तपुरवठा नीट जुळून येत नाही आणि त्याचे दुष्परिणाम आईच्या मूत्रपिंडावर, यकृतावर व मेंदूवर होतात. पहिले गर्भारपण, जुळी बाळे, पूर्वीचा रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास धोका वाढतो. प्रारंभी काहीच जाणवत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीत रक्तदाब व लघवी पाहणे अगत्याचे असते. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात कळ येणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज येणे, ही धोक्याची लक्षणे होत. यानंतर झटके येऊ शकतात. ते टाळण्याचे औषध महागडे नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासातून सिद्ध झाले. मात्र ते रुग्णालयातच देता येते. विकाराचा खरा उपाय म्हणजे योग्य वेळी प्रसूती करणे. तो निर्णय डॉक्टरांचा.

दुसरा मोठा धोका बाळ जन्मल्यानंतरचा, म्हणजे अतिरक्तस्रावाचा. दिवस भरत आले की गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आकुंचन पावते आणि उघड्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ते सैल राहिले, तर धडधाकट स्त्रीही अल्पावधीत दगावू शकते. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तर थोडाही स्राव सोसवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. लोहाच्या गोळ्या नियमित घेण्याचा आग्रह धरला जातो, तो याचसाठी.

बाळ कुशीत आले म्हणजे संकट टळले, असेही समजू नये. बाळंतिणीला ताप व थंडी येणे, स्रावाला दुर्गंधी येणे, ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ साली दाखवून दिले, की वैद्यांनी हात निर्जंतुक केल्यास बाळंतज्वराचे मृत्यू कितीतरी कमी होतात. रक्तदाबाचे झटकेही प्रसूतीनंतर येऊ शकतात. म्हणून पहिले सहा आठवडे आईकडे बाळाइतकेच लक्ष असावे.

मग माता दगावतात कशामुळे? सेरीन थॅडिअस आणि डेबोरा मेन या संशोधिकांनी १९९४ साली तीन विलंबांची मांडणी केली : मदत घेण्याचा निर्णय करण्यातील विलंब, रुग्णालयात पोहोचण्यातील विलंब आणि तेथे योग्य उपचार मिळण्यातील विलंब. तिसरा विलंब दूर करणे हे रुग्णालयांचे व शासनाचे काम. पहिले दोन मात्र आपल्या ओट्यावर आणि आपल्या रस्त्यावर घडतात. "आम्ही नाही का सोसले?" या एका वाक्यात पहिला विलंब दडलेला असतो. सोशिकता हा सद्गुण खरा. परंतु दुसरीच्या जिवावर तो लादण्याचा अधिकार कोणालाही नाही.

धर्मग्रामात आपण काय करू शकतो? गर्भवतीच्या घरी कोणत्या रुग्णालयात जायचे, वाहन कोणाचे, सोबत कोण आणि रक्त लागल्यास कोण देईल, हे सातव्या महिन्यापर्यंत ठरलेले असावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शासकीय रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची विनामूल्य तपासणी करण्याचा उपक्रम २०१६ पासून सुरू आहे. त्याची सूचना मिस्सानंतर देता येईल. वाडीतील तरुणांनी आपले रक्तगट लिहून ठेवावेत.

उतारवयात गरोदर राहिलेल्या एलिझाबेथकडे पवित्र मरिया लगबगीने गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे संत लूक सांगतो. त्या लगबगीतच सारे आले. आपल्या घरातील लेक वा सून डोके दुखते म्हणाली, तर तिचे म्हणणे खरे माना. गाडी काढा. प्रार्थना वाटेतही करता येते.